बंदरातली भेसळ

जालन्याहून गाडीनं कोकणात जाऊन यायला खर्च किती येतो, असं मागच्या पोस्टखाली दोघांनी विचारलंय. तर ऐका. डिझेल आणि टोल मिळून दहा हजारांच्या आत भागलं. पुण्याच्या अलीकडं एक रात्र आणि बंदराजवळ दोन रात्री, दर वेळी दोन खोल्या, साडेसहा हजार. जेवणखाण किरकोळ, कारण निम्म्या वाटेपर्यंत घरचा डबा पुरला. सरकारी दवाखान्यात पोरीच्या तळहाताला टाके पडले, त्याचे जवळजवळ काहीच लागले नाहीत. आणि पोरीच्या पीएच.डी.मधलं एक अख्खं बंदर गेलं. हे शेवटचंही मी खर्चातच धरतो. ते माझ्या हातानं गेलं, पण भरावं लागलं तिला.

नव्या वाचकांना माझी ओळख करून देतो. माझा जालन्यात बियाण्याचा धंदा आहे. सुरुवात घनसावंगीकडच्या शेतांमध्ये रोजंदारीनं भेसळ काढण्यापासून झाली. भेसळ म्हणजे दुधातली नव्हे. बियाण्याच्या प्लॉटमध्ये एकाच जातीची झाडं लावलेली असतात, त्यात एखादं वेगळ्या उंचीचं, वेगळ्या पानाचं निघतं. ते फुलायच्या आत मुळासकट उपटायचं, नाहीतर त्याचे परागकण रानभर जातात आणि सगळं बी वाया जातं. आमच्या घराला जमीन नव्हती. नजर होती. त्या नजरेवर मी आधी मुकादम झालो, मग शेतकऱ्यांकडून प्लॉट करून घ्यायला लागलो, आणि आता शहराबाहेर बियाणं साफ करून पिशव्या भरायचं एक छोटं युनिट आहे.

माझी मुलगी प्रज्ञा समुद्रावर संशोधन करते. नातेवाइकांत कुणी विचारलं तर मी सांगतो, डॉक्टर होणार आहे. ते इंजेक्शनवाली समजतात. मी दुरुस्त करत नाही.

तिचं काम ज्या जीवावर आहे त्याला इंग्रजीत सी स्क्वर्ट म्हणतात. मराठी नाव मला कुठं सापडलं नाही. दाबलं की पाण्याची चिळकांडी मारतं म्हणून मी त्याला पिचकारी म्हणतो. लहानपणी ते पोहतं, मग जागा धरून चिकटतं आणि मरेपर्यंत तिथून हलत नाही. काही जाती एकेकट्या असतात, काही दोरावर, लाकडावर मऊ गोधडीसारख्या पसरतात आणि त्या गोधडीवर बारीक बारीक चांदण्यांची नक्षी असते. प्रज्ञाचं काम या चांदणीवालीवर. एकाच जातीत तिचे रंग नारिंगी, पिवळे, जांभळे असे कसेही असतात. ही आपल्या किनाऱ्यावरची नाही. जहाजांच्या तळाला चिकटून परमुलखातून आली, जसं गाजरगवत धान्यातून आलं. आता प्रश्न असा, की प्रत्येक बंदरात ती एकदाच एका जहाजातून आली आणि तिचीच लेकरं पसरली, की वेगवेगळ्या देशांतून पुन्हापुन्हा येत राहिली? हे तिच्या गुणसूत्रांतून कळतं. बंदरातले तुकडे आतून जितके वेगवेगळे, तितक्या वाटांनी ती आलेली. आणि जितकी वेगवेगळी तितकी टिकाऊ, कारण एका रोगानं सगळी मरत नाहीत.

तिनं एकेक बंदर करत आणलं होतं. एकच राहिलं होतं. त्या बंदरातला जुना तरंगता धक्का दुरुस्तीसाठी बाहेर काढणार होते आणि पिचकाऱ्या त्याच धक्क्याखाली होत्या. परवानगी एका दिवसाची, धक्का निघायच्या आधीची. हे बंदर मिळालं तर प्रबंधातलं शेवटचं प्रकरण उभं राहणार, नाहीतर ते लंगडं होणार. तिच्याबरोबर जाणारी मैत्रीण तापानं पडली. प्रज्ञा सुट्टीला जालन्यात आलेली होती. मी म्हणालो, मी येतो, गाडी आपलीच आहे.

आमच्या घरातून निघताना सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि हिरवा ठेचा बांधून दिला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरगी सांगंल तेवढंच करा. तिथं जास्ती शहाणपणा दाखवू नका." मी हसलो.

डिसेंबर संपत आला होता आणि आभाळ भरलेलं होतं. पाऊसही नाही, ऊनही नाही, नुसता करडेपणा. संभाजीनगरपर्यंत रस्ता चांगला आहे. पुढं अहिल्यानगरकडं वळलं की ट्रकांच्या मागं मागं जावं लागतं, म्हणून पहाटेच निघा. नगरच्या बाह्यवळणावर चहाला थांबलो, तिथं शेजारच्या बाकावर दोन ट्रकवाले बोलत होते. एकजण म्हणाला, समुद्र बघायला लोक एवढ्या लांब जातात, नुसतं पाणीच तर आहे. दुसरा म्हणाला, आपल्याकडं तेवढं तरी कुठंय. प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं आणि दोघंही गालात हसलो. त्या सगळ्या प्रवासात आम्ही बरोबर हसलो ते तेवढंच, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

शिरूरच्या आधी आसारामचा फोन आला. घनसावंगीजवळ त्याच्याकडं माझा ज्वारीच्या बियाण्याचा प्लॉट आहे. मी फोन गाडीच्या स्पीकरवर घेतला.

"मालक, ज्वारीची काही ताटं लई उंच निघालीत. ओळीच्या वर डोकं काढून उभी राह्यलीत. ठिवू का?"

"ठिवायची कशाला? उपट."

"न्हाई, पण एखांदं आपलंच असलं तर? पाणी जास्ती पिऊन वाढलं असंल."

"आसाराम, शंका आली की उपट. चौकशी करीत बसू नको. फुलोरा सुटला मंग काय करतो?"

फोन ठेवल्यावर प्रज्ञा म्हणाली, आमच्याकडं याच्या उलट आहे. तिला ओळीच्या वर डोकं काढणारंही हवं आणि खाली दबलेलंही हवं, जितकं जसं असेल तितकं तसं. त्यासाठी तुकडे घेताना निवड करायचीच नसते, म्हणाली, जिथं हात लागेल तिथला घ्यायचा. मी म्हणालो, बराबर. आणि खरंच मला समजलं होतं. मी काही अडाण्यासारखी मान हलवली नव्हती. पण समजलेलं डोक्यात राहतं. बोटं त्यांच्या सवयीनं चालतात.

मुक्काम पुण्याच्या अलीकडं केला. लॉजच्या मॅनेजरनं आमचा प्लास्टिकचा कॅन बघितला आणि खोलीत प्यायला मनाई आहे म्हणून बजावलं. कॅनमध्ये तुकडे टिकवायचं शुद्ध अल्कोहोल होतं. मी त्याला म्हणालो, भाऊ, हे प्यालं तर माणूस तुमच्या बिलापर्यंत राहत न्हाई. त्यानं ते खरं मानलं नाही. रात्री पॅसेजमधून दोनदा चक्कर मारून गेला.

दुसऱ्या दिवशी सातारा, तिथून उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, कारखाने चालू असताना उंब्रज ते पाटण उसाच्या ट्रॉल्या एकामागोमाग एक असतात. ओव्हरटेकची घाई करू नका, पुढंही ट्रॉलीच असते. दोन, घाटात धुकं सकाळी उशिरापर्यंत राहतं. आम्ही उतरलो तेव्हा पुढच्या गाडीचे दिवेच काय ते दिसत होते. मराठवाड्यातल्या माणसाला इतका ओला काळोख सहन होत नाही. मला तर सारखं वाटत होतं की डोळ्यांना काहीतरी झालंय. प्रज्ञा मात्र मोकळी होत गेली. चिपळूणला उतरल्यावर तिनं काच खाली केली आणि मला माहीत नसलेल्या झाडांची नावं सांगायला लागली.

बंदराचं नाव लिहीत नाही. परवानगी तिच्या नावावर आहे, उगाच माझ्या ब्लॉगमुळं कुणाला विचारणा नको. चिपळूणहून पश्चिमेला जाताना रस्ता अरुंद आहे, वळणं फार, पेट्रोलपंप कमी, तेव्हा टाकी चिपळूणलाच भरा. लॉज बंदरापासून चालत जाण्याइतकी जवळ. जेवायला सुरमईची थाळी मिळते, मी शाकाहारी थाळी मागितली तर वाढप्यानं विचारलं, "पथ्य हाय काय?" रात्री वारा नव्हता. मासळीचा वास खोलीत आला तो उशीत बसला.

सकाळी धक्क्यावर गेलो. धक्का उचलायचं काम बघणारा मुकादम इब्राहिमभाई, साठीचा, डोक्याला मफलर. आम्ही कुठले विचारल्यावर मी जालना म्हणालो. तो म्हणाला, "जालना? वहाँ तो समंदर नहीं." मी म्हणालो, "इसीलिए आए." तिथून आमचं जमलं. आमच्याकडची दखनी आणि त्याची किनाऱ्याची उर्दू, दोन्हींत शब्द वेगळे पण ठेका एक. त्यानं सांगितलं, क्रेन दुपारनंतर येणार, तोवर धक्का आमचा.

तरंगता धक्का म्हणजे लोखंडी पिंपांवर बसवलेला फळ्यांचा पूल. बाजूनं टायर आणि दोर पाण्यात सोडलेले. वरून बघितलं तर गाळ, तेलाचे रंग, पिशव्या. प्रज्ञा पालथी पडली, एक दोर ओढून वर घेतला, आणि मी बघतच राहिलो. दोराला दोर असं काही उरलंच नव्हतं. शंख, शेवाळ, स्पंज, आणि त्यावर या मऊ गोधड्या, कुठं नारिंगी, कुठं पिवळट, कुठं जांभळ्यावर पांढऱ्या चांदण्या. एका एकट्या पिचकारीनं माझ्या शर्टावर पाणी मारलं. मला तर वाटलं, कुणीतरी रंगीबेरंगी बी एका पोत्यात ओतलंय.

दोन-तीन बाटल्या झाल्या असतील. प्रज्ञानं टायर वर ओढला आणि हात निसटला. टायरला कालवं, म्हणजे एक जातीचे शिंपले, चिकटलेली होती, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. अंगठ्याखालून तळहात उघडला.  मी रुमाल बांधला तो लगेच भिजला. इब्राहिमभाईनं त्याच्या एका माणसाला स्कूटर काढायला लावली. जाताना ती मला सगळं नीट सांगून गेली. दोर वर घ्यायचा, हात लागेल तिथला नखाएवढा तुकडा चिमट्यानं काढायचा, दोन हात सोडून पुढचा, एका बाटलीत एकच, वर अल्कोहोल. मी म्हणालो, "तू जा, काळजी करू नको. माझा जन्म यातच गेलाय."

आणि मी काम केलं. कसं केलं तेही सांगतो, कारण त्यात कुचराई नव्हती. या वयात फळ्यांवर पालथा पडून, छातीला खिळे टोचत असताना, एकेक दोर ओढला. अंतर बराबर राखलं. एका बाटलीत दोन तुकडे कधी गेले नाहीत. अल्कोहोल काठोकाठ. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या प्लॉटवर हातानं काम करत होतो आणि मला त्याचा आनंद होत होता. धक्क्यावरची माणसं येऊन बघून जात. एकानं विचारलं, हे खातात काय? दुसरा म्हणाला, औषध करत असतील, आपल्या घाणीचं पण लोक औषध करतात. मला ऐकू येत होतं, पण मी मान वर केली नाही.

जास्त करून नारिंगी होत्या, विटकरीकडं झुकणाऱ्या. मधेच एखादी पिवळी येई, एखादी जांभळी, एक तर राखाडी आणि काळपट. ती चिमट्यात आली की माझं बोट तिला बाजूला सारी आणि पाण्यात सोडून देई, आणि चिमटा शेजारच्या नारिंगीवर जाई. मी तेव्हा काही ठरवलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर मी काय करतोय हे मला सांगताही आलं नसतं. ओळीत वेगळं दिसलं की ते माझ्या हातात राहत नाही, एवढंच.

बाटल्या संपत आल्या तेव्हा क्रेन आली. वेळेच्या आधी आली होती. इब्राहिमभाई संकोचून म्हणाला, क्रेनला दुसरीकडंही जायचंय, तुमचं काम राहिलं असेल तर थोडी थांबवतो. मी शेवटचं झाकण लावलं आणि म्हणालो, "उठाव भाई. अपना काम फत्ते."

धक्क्याचा अर्धा भाग हवेत होता, त्यातून पाणी गळत होतं, तेव्हा प्रज्ञा स्कूटरवरून उतरली. हाताला पांढरी पट्टी, चेहरा उतरलेला, पण काम झालेलं बघून ती जरा सावरली असं मला वाटलं. मी बाटल्यांचा खोका तिच्यापुढं केला.

"बघून घे. एका बाटलीत जरी भेसळ सापडली तर माझं नाव बदलीन."

तिनं एक बाटली उजेडात धरली. मग दुसरी. मग खोका खाली ठेवून, डाव्या हातानं एकेक उचलून बघायला लागली. बघण्याचा वेग वाढत गेला.

"अण्णा, सगळ्या नारिंगीच होत्या का?"

"न्हाई. पिवळ्या बी होत्या, जांभळ्या बी होत्या."

"त्या कुठंयत?"

"पाण्यात. त्या घेतल्या न्हाईत."

तिनं क्रेनकडं बघितलं.

"तुम्ही भेसळ काढलीत," ती म्हणाली.

आणि मला, खरं सांगतो, पहिल्यांदा ते कौतुकच वाटलं. माझ्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. मी हसून मान हलवली. मग तिचं तोंड बघितलं.

"मला भेसळच मोजायची होती, अण्णा."

मी काहीतरी बोललो. की नारिंगीतलेच मोजता येतील, तेवढेही पुष्कळ आहेत. ती शांतपणे म्हणाली, निवडून घेतलेलं मोजून त्या बंदराबद्दल काही कळत नाही. ज्यानं निवडलं त्याच्याबद्दल कळतं.

आम्ही पुढं काय केलं ते थोडक्यात. धक्क्याचे तुकडे किनाऱ्यावर ठेवून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवायला सुरुवात झाली होती. इब्राहिमभाईनं आमच्यासाठी फवारा थांबवला. खाली एक ढीग पडला होता, सगळं एकमेकांत चिरडून, वाळूत कालवून. प्रज्ञा उकिडवी बसली आणि पट्टी नसलेल्या हातानं त्यात चाचपत राहिली. मीही बसलो, पण कशाला हात लावावा हे मला कळेना. मी एकदा एक जांभळा लगदा उचलून दाखवला. तिनं मान हलवली. कुठल्या दोरावरचा, कशातनं सुटलेला, काहीच सांगता येत नव्हतं. लोकांनी दोन्ही बाजूंनी गर्दी केली. कुणी हसत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. थोड्या वेळानं इब्राहिमभाईनं फवारा परत चालू करायला सांगितलं. त्याचाही इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बंदरातल्या होड्या बघत फिरलो. होड्यांचे तळ खरवडून रंगवलेले असतात, त्यावर काही धरत नाही. पक्क्या धक्क्याचे खांब ओहोटीला उघडे पडतात, तिथं नुसती कालवं. एका बुडालेल्या पडावाच्या, म्हणजे मोठ्या होडीच्या, दोरावर तिला एक छोटी गोधडी सापडली. नारिंगी.

ज्यांना हे बंदर बघायला जायचंय त्यांनी संध्याकाळी जावं, असं मी लिहिणार होतो. होड्या परत येतात तेव्हा लिलाव होतो आणि घारी खाली उतरतात, छान दिसतं. पण मला ते नीट आठवत नाही. आदल्या संध्याकाळी मी घारींकडं बघत होतो आणि ती फोनवर तिच्या सरांशी बोलत होती, होड्यांच्या इंजिनांच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, "नाही सर, माझीच चूक. मी साइटवर नव्हते." ती माझं नाव घेत नव्हती. ऐकू येण्याचं मला आजवर कधी दुःख झालं नव्हतं.

चिपळूणला तिला रेल्वेत बसवलं. तिला सरळ प्रयोगशाळेत जायचं होतं. गाडी उशिरानं होती, फलाटावर आम्ही वडापाव खाल्ला, तोही तिला डाव्या हातानं खाता येईना. मी म्हणालो, "मी येऊन तुझ्या सरांशी बोलतो."

"काय बोलणार?"

"खरं ते."

"ते बोलून बंदर परत येत नाही," ती म्हणाली. आणि मग, बहुतेक माझं तोंड बघून, "तुम्ही नीट जा. घाटात लाइट चालू ठेवा."

परतीचा रस्ता मी एकट्यानं केला. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं हळूहळू चालत राहिलो, एकदाही ओव्हरटेक केलं नाही. शिरूरच्या पुढं सवयीनं डबा उघडला. दशम्या कधीच संपल्या होत्या, चटणी तेवढी होती. वाटेत माझ्या डोक्यात एकच येत राहिलं. गावाच्या कडेच्या घरातून आलो, ज्या रानात आमच्या पावलांनाही लोक नाकं मुरडायचे तिथं मी पहिलं काम मिळवलं ते वेगळं दिसणारं झाड उपटण्याचं, आणि मग जन्मभर तेच केलं. यातनं काही धडा निघतो असं मला वाटत नाही. बियाण्याच्या प्लॉटमध्ये उपटावंच लागतं. मी घरी गेल्यावर दोन दिवसांनी घनसावंगीला आसारामच्या प्लॉटवर गेलो, तर त्यानं उंच ताटं उपटून बांधावर टाकली होती आणि त्याची म्हैस ती खात होती. मी त्याला चांगलं केलंस म्हणालो. चांगलंच केलं होतं. पण त्या दिवशी नेहमीसारखा ओळीतून शेवटपर्यंत फिरलो नाही, मधूनच परत फिरलो. आसारामनं विचारलं, तब्येत बरी न्हाई का. मी म्हणालो, घाटात धुकं लागलं.

मी घरी आल्यावर सुमननं काही विचारलं नाही. पोरीनं तिला आधीच फोन केला होता. पहिल्या रात्री जेवताना ती मला वाढत होती आणि एवढंच म्हणाली, "तुमी तिला निवडायलाच शिकवलं लहानपणी. तांदूळ निवडायला बसवायचात. ती मंग दुसरंच शिकली."

बंदर गेलं ते गेलंच. प्रज्ञाच्या सरांनी ते प्रकरणातून काढायला सांगितलं. तिला आता उरलेल्या बंदरांवरच प्रबंध उभा करायचा आहे, आणि मुदतवाढ मागायची तर शिष्यवृत्तीविना. मी म्हणालो, घरचा खर्च मी बघतो. ती हो म्हणाली, पण तिच्या आवाजात पूर्वीसारखं भांडण नव्हतं. पूर्वी मी पैशाची गोष्ट काढली की ती लगेच भांडायची.

कोकण कसं वाटलं, असंही एकानं विचारलंय. हिरवं आहे. ओलं आहे. तिथं सगळं एकमेकांवर वाढतं आणि कुणी कुणाला उपटत नाही, निदान पाण्याखाली तरी. परत जाईन का, सांगता येत नाही. प्रज्ञानं नेलं तर जाईन, आणि दोर फक्त धरून बसेन.

परवा तिचा फोन आला. हाताचे टाके निघालेत, व्रण राहणार आहे, बोटं चालतात. मी भरलेल्या बाटल्या फेकून देण्यापेक्षा तपासून बघू म्हणून तिनं प्रयोगशाळेत लावल्या होत्या. प्रबंधात त्यांचा उपयोग नाही, पण काय निघालं ते तुम्हाला सांगते, म्हणाली. दिसायला कुठंच फरक नाही, तिलाही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. मी एकसारख्या म्हणून निवडलेल्या त्या नारिंगी तुकड्यांत दोन वेगवेगळ्या जाती निघाल्या.